शुक्रवारी उघडायचं पान

माझ्या धाकट्या बहिणीचं इंटरनेटवर एक पान आहे. वर तिचा फोटो, खाली तिने लिहिलेल्या लेखांची यादी, आणि बाजूला एक आकडा व दर वर्षाचा एक असे उभे निळे खांब. फोटो आमच्या पडवीतला आहे. मूळ फोटोत आई, मी आणि ती अशा तिघी होतो. तिने स्वतःपुरता कापून घेतला, पण डाव्या कडेला माझ्या साडीचा जांभळा काठ राहून गेला. दुसऱ्या कुणाला तो पडदा वाटेल.

मी मस्कतला असते. नवरा बंदरात क्रेन चालवतो, कंपनीने दोन खोल्या दिल्यात, आणि मी आमच्याकडच्या काही माणसांना जेवणाचे डबे देते. शिकले सातवीपर्यंत. त्या पानावरचं इंग्रजी मला अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, अर्थ लागत नाही. तरी सकाळी डाळ शिजत लावली की मी ते पान उघडते. बहिणीला फोन करायचा तर ती कामात असते. पान कधी कामात नसतं.

माझं माहेर पेण, सासर रोहा. मधे मोजकीच स्टेशनं. लग्नात मी रडायला लागले तेव्हा आई म्हणाली होती, "लांब कुठे गो चाललीस? गाडीत बसली की आली." मग नवऱ्याला इथलं काम लागलं, आणि आईची ती गाडी काही समुद्र ओलांडत नाही.

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. आमचं गाव मात्र वडखळच्या खालच्या अंगाला, खाडीलगत. तिथे भाताचं शेत आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी बांधाला टेकतं, आणि गाव कानोसा घेत बसतं. बांध फुटला की आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की उभं भात तर जातंच, पण जमीनही पुढे काही वर्षं रुसून बसते.

मी सातवीत असताना आमच्या बांधाला खांड गेली, भर दुपारी. बाबा आणि गावातले पुरुष माती आणि पेंढा घेऊन धावले. आईने आम्हां दोघींना माळ्यावर चढवलं. बहीण तेव्हा एवढीशी, तिला वाटलं खेळ चाललाय. वरून आम्हांला चूल दिसत होती. पाणी दारातून आलं, जरा थांबलं, मग चुलीत गेलं. आई खाली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बियाण्याचं गाठोडं माझ्या हातात देत होती आणि सारखी विचारत होती, "घट्ट धरलंस ना गो?" मी म्हणत होते, धरलंय. तिला ऐकू येत नव्हतं. पाण्याचा आवाजच तेवढा होता.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. कुणी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. घर सारवायचं होतं, शेतातला खारट गाळ उपसायचा होता. खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखंच झालं होतं. गणिताच्या तासाला माझे हात गार पडायचे.

मग मी पेणला गणपतीच्या कारखान्यात जायला लागले. मूर्ती साच्यातून निघाली की तिच्या कडा पॉलिशपेपरने घासायच्या, हे माझं काम. बहीण शाळा सुटली की तिथे यायची, मूर्तींच्या मधे बसायची आणि विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचायची. बीज कसं रुजतं, मुळं पाणी कशी ओढतात. मी घासत असायचे. एकदा तिने वाचता वाचता मान वर केली आणि विचारलं, "बाय, खारं पाणी भाताला का चालत नाय?"

"त्याला आवडत नाय म्हणून."

"ते आवडायला लावता येईल का?"

"तू लाव," मी म्हटलं, "पण आधी इथनं ऊठ, सोंडेला धक्का लागेल."

तिने ते खरंच मनावर घेतलं. रोह्याला माझ्या सासरी राहून कॉलेज केलं, मग लांबच्या शहरात प्रयोगशाळेत गेली. त्या विषयाला जैवतंत्रज्ञान म्हणतात. मला समजलं ते एवढंच, की आमच्याकडच्या जुन्या खारट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती आहेत, आणि त्या कशा तग धरतात ते ती त्यांच्या पोटात शिरून बघत होती. त्या वर्षांतले तिचे लेख एकापाठोपाठ एक आहेत. निळे खांब उंच उंच गेलेत. त्या वर्षांत तिचा फोन मात्र कधीतरी यायचा, आणि आला तरी, "बाय, मशीन चालू हाय, मग करते." मग करायचं राहून जायचं.

नंतर यादीत एक मोठी मोकळी जागा आहे. एक वर्ष काही नाही, दुसऱ्या वर्षीही काही नाही. आणि त्यानंतर जे लेख सुरू होतात त्यांत भात नाही, माणसं आहेत. पूर येऊन गेल्यावर, बांध फुटून गेल्यावर, माणसाच्या मनात जे राहतं त्याबद्दल. जगात त्याचाही एक अभ्यास असतो, हे मला तिच्यामुळे कळलं. मनाला बसलेल्या धक्क्याचं शास्त्र.

ती मोकळी जागा बघणाऱ्याला वाटेल, बाई आजारी होती किंवा आळशी. मला विचारा त्या वर्षांत काय झालं. बाबा गेले. आई एकटी पडली. बहीण महिनाभरासाठी म्हणून घरी आली आणि राहिली. सकाळी आईबरोबर भाकऱ्या थापायची, दुपारी गावोगाव फिरून खांड गेलेल्या शेतांतलं बियाणं गोळा करायची. बाया तिला पडवीत बसवायच्या, मूठभर भात हातावर ठेवायच्या आणि भाताबद्दल काहीच बोलायच्या नाहीत. कुणी सांगायची, उधाणाच्या दिवशी मला घास गिळत नाही. कुणी सांगायची, नातवाला खाटेवरून खाली उतरू देत नाही. बहीण वहीत भाताची उंची लिहायला गेलेली, आणि लिहून यायची हे.

आणि घरी आई होतीच. इतकी वर्षं झाली, बांध आता दगडाचा झाला, पण अमावास्या-पौर्णिमेला दुपार जवळ आली की आई उठते, बियाण्याचं गाठोडं माळ्यावर ठेवते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते. आम्ही दोघी मोठ्या होईपर्यंत आम्हांला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात.

मी तेव्हा वर्षातून एकदा सुट्टीला जायचे. त्या दोन वर्षांतली एक सुट्टी मला अजून पुरते. थंडीत मागच्या वाफ्यात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. बहीण काठीने जाळ सारखा करत होती, आई म्हणत होती, "एवढी शिकलीस, पण शेंग शिजली का ते नाकानेच कळणार." आम्ही तिघी बोटं भाजत खात होतो. पानावर त्या वर्षासमोर काही नाही. मी कधी कधी मुद्दाम त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसते.

मग ती पनवेलच्या बाजूला एका संस्थेत लागली. नोकरी कराराची. शनिवारी रोह्याच्या गाडीने पेणला उतरायचं, आईकडे जायचं, आणि उधाण मधल्या वारी आलं तर रजा काढून जायचं. इथे माझ्या भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे, मी त्यावर अमावास्या-पौर्णिमेला पेनने गोल करते. त्या दिवशी फोन लावला आणि बहीण म्हणाली, "मी घरीच हाय, गाठोडं वर गेलं," की माझा स्वयंपाक नीट होतो. नाहीतर मीठ दोनदा पडतं. आई गाव सोडून कुठेही यायला तयार नाही. मी तिला इथे आणायचं म्हटलं तर म्हणाली, "तिथे भरती कधी असते ते मला माहीत नाय. उगाच कधीही भीती वाटेल."

त्यामुळे गेल्या वर्षी बहिणीचा करार संपत आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. त्याच संस्थेत एक पक्की जागा निघाली होती. ती मिळाली तर ती राहणार. नाही मिळाली तर तिला कॅनडातून बोलावणं होतं, तिथे जाणार. मग जिन्याच्या पायरीपाशी आईजवळ कोण बसणार?

"मिळेल ना गो तुला?" मी रोज विचारायचे.

"बाय, माझं पान बघतील ना ते. अर्धं भाताचं, अर्धं माणसांचं. भातवाले म्हणतील ही आमची राहिली नाय. मानसशास्त्रवाले म्हणतील ही आमची झाली कधी? आणि माणसांच्या लेखांना संदर्भ थोडे हायत अजून."

"संदर्भ म्हणजे?"

तेव्हा तिने आत्याचं उदाहरण दिलं. माझी आत्या धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात भटजी लागतो तशी धवलारीणही लागते, हळदीपासून ती गाणी म्हणत लग्न लावते. आत्या तोंड उघडण्याआधी ज्या बाईकडून गाणी शिकली तिचं नाव घ्यायची. ती बाई कधीच गेली होती. एका लग्नात मुहूर्ताची घाई झाली म्हणून कुणीतरी म्हणालं, "आत्ये, आज म्हातारीला राहू दे." आत्या गप्प बसली. हळद ताटात तशीच. शेवटी नवऱ्यामुलाचा बाप हात जोडून म्हणाला, "घे गो माय, घे तिचं नाव."

"संदर्भ म्हणजे तेच," बहीण म्हणाली. "दुसऱ्याने आपलं लिहिताना सांगायचं, हे मी अमकीकडून घेतलं. असं जितक्यांनी सांगितलं तेवढा आकडा."

"म्हणजे परदेशातली माणसं तुझं नाव घेतात?"

"घेतात."

"मग फोन करून विचारपूस करत नाय? आई कशी हाय, बाबा कसे गेले?"

"फोन कशाला करतील?"

"नुसतंच नाव घेतात?"

"नुसतंच घेतात गो," ती हसली. मला वाटलं, काय हे लोक.

आता इतकं नीट सांगितल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याकडे डबा नेणारा एक एसी दुरुस्तीवाला होता, म्हसळ्याचा. त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "बाय, ते व्हिडिओसारखं असतंय. जितक्या वेळा उघडाल, तितका आकडा चढतोय." आत्याचं उदाहरण मला पटलं होतं, पण त्यात मला करण्यासारखं काही नव्हतं. मी कुठे लेख लिहिणार आणि कुठे तिचं नाव घेणार! एसीवाल्याच्या म्हणण्यात माझ्या हाताला काम होतं. भ्यालेल्या माणसाला काम लागतं. मी एसीवाल्याचं ऐकलं.

इथे शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज झाली की माणसं डबे न्यायला येतात, हिंदू-मुसलमान सगळेच, आणि शुक्रवारी बहुतेक वालाचं बिरडं असतं. वाल सासरहून येतात, रोह्याचे कडवे. मी नियम केला, आधी पान उघडायचं, मग डबा.

"बाय, आधी बिरड्याचा वास तरी येऊ दे."

"उघड आधी."

"उघडलं. वर-खाली पण केलं. आता लोणचं जास्त घाल."

"तो खालचा लेख पण उघड, माणसांचा."

"एका डब्यात दोन लेख? मग सोलकढी पण पायजे."

असं चालायचं. दारात सगळे मान खाली घालून मोबाईलवर. नवरा आतून म्हणायचा, "परीक्षा चाललीय का रे बाहेर?" त्यांतला एक माणूस मात्र गंमत करायचा नाही. गोदामात काम करणारे चाचा, नागोठण्याचे, वयाने सगळ्यांत मोठे. ते चष्मा लावून भिंतीला टेकून उभे राहायचे आणि सगळे गेल्यावरही उभेच असायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांचं नेट हळू असेल.

मी रोज आकडा बघायचे. तो हलत नव्हता. मी म्हणायचे, जमत असेल आतल्या आत.

मग एका दुपारी बहिणीचा स्वतःहून फोन आला. आवाजात उजेड होता.

"बाय, गंमत सांगू? माझे लेख ओमानमधनं कुणीतरी वाचतंय. दुसरी एक साइट हाय, तिथे देशांची नावं दिसतात. माणसांचा लेख तर सारखा उघडला जातोय. तिकडे पण वादळं येतात ना समुद्रावरनं, एखादं विद्यापीठ त्यावर काम करत असणार. मी मुलाखतीत सांगू म्हणते, बाहेर या विषयात कुणाला तरी रस हाय."

मी हातातलं पळीभर तेल तसंच धरून उभी होते. "हो का," म्हटलं. "छान हाय." आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ती साहेबलोकांसमोर बसणार, विद्यापीठाचं सांगणार, आणि कुणी शोधलं तर तिथे काय सापडणार? बिरडं नेणारी माणसं. तिची जागा जायची, आईजवळचं माणूस जायचं, आणि हे सगळं मी हौसेने केलेलं. तिसऱ्या दिवशी चाचा डबा न्यायला आले तेव्हा माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

"आत्ताच्या आत्ता फोन लाव," चाचा म्हणाले. "मी उभा हाय इथे. तुला ओरडली तर मला दे."

मी लावला. "ऐक गो," एवढंच म्हणाले, तर तीच म्हणाली, "ते तुझे डबेवाले हायत ना?"

"तुला कसं कळलं?"

"फक्त शुक्रवारी दुपारी, जेवायच्या वेळेला. असं कुठलं विद्यापीठ असतं? काल बसून तारखा बघितल्या तेव्हा ट्यूब पेटली." मग म्हणाली, "पण एक दिवस मी खरंच धरून चालले होते. कुणीतरी अनोळखी माणूस लांब बसून वाचतंय. बरं वाटलं होतं गो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि उघडून तो आकडा वाढत नाय," ती म्हणाली. "तुला आत्याचं सांगितलं होतं ना. आता थांबव त्यांना. कुणी बघितलं तर वाटेल मीच करवून घेतेय."

मी चाचांना म्हटलं, झालं, बंद. सगळ्यांना सांगा, आजपासून नुसता डबा.

चाचा चष्मा पुसत म्हणाले, "बाकीच्यांचं बंद कर. माझा अर्धा राहिलाय."

"काय अर्धा?"

"लेख. मी वाचतोय ना."

त्यांच्या मोबाईलमध्ये इंग्रजीचं मराठी करून देणारी सोय होती. इतके शुक्रवार ते भिंतीला टेकून एकेक परिच्छेद मराठी करून वाचत होते. त्यांनी मला वाचून दाखवलं. मोबाईलची मराठी दगडासारखी असते, पण चाचांनी ती हळू वाचली.

"एका सहभागी स्त्रीने सांगितले की भरतीच्या दिवशी ती बियाण्याचे गाठोडे उंचीवर ठेवते. पाणी येणार नाही हे तिला माहीत आहे. ती म्हणते की माझे हात ऐकत नाहीत."

चाचा म्हणाले, "अंबा नदीला पूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी छपरापर्यंत. अम्मा अजून पावसाळाभर शेगडी कपाटावर ठेवते. खाली ठेव म्हटलं की भांडते. आम्ही भाऊ हसायचो तिला. मला काय ठाऊक, असं असतंय म्हणून. लिहिण्यासारखं असतंय म्हणून."

मी बहिणीला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, ती बाई म्हणजे आई का?

"ते सांगायचं नसतं," ती म्हणाली. "ज्यांनी सांगितलं त्यांची नावं झाकायची, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. आणि घरच्या माणसाला मी विचारत नाय, तसा नियम हाय. पण बाय, गाठोडं वर ठेवणाऱ्या किती बाया मला भेटल्या, माहितेय का तुला?"

मी यावर पुष्कळ विचार करते. लिहिणाऱ्याचं नाव जगभर घेतात आणि सांगणारीचं नाव झाकतात. आत्याला हे पटलं नसतं, ती हळद तशीच ठेवून बसली असती. पण बहिणीचंही खरं आहे. आईचं नाव कुणी परक्याने घेतलं तर आईला पदर कुठे ओढू असं होईल. म्हणून मीही हे लिहिताना कुणाचं नाव घेतलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी कॅलेंडरवर गोल केला, उधाणाचा करते तसाच. संध्याकाळी तिचा फोन आला.

"विचारलं त्यांनी. तुम्ही नक्की कुठल्या, बियाण्यांच्या की माणसांच्या?"

"मग?"

"म्हटलं, मी त्याच शेतांत उभी हाय. आधी खाली बघत होते, मग वर बघितलं."

"छान बोललीस गो."

"ते पण म्हणाले, छान. मग विचारलं, ही मधली वर्षं रिकामी का? मी म्हटलं, घरी होते."

"घरी कशाला सांगितलंस! काहीतरी मोठं नाव सांगायचं कामाचं."

"घरीच होते ना बाय."

जागा तिला मिळाली नाही. जिला मिळाली तिचं पान म्हणे पहिल्यापासून एकाच विषयाचं, सरळ. बहिणीने हे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, आणि मी इथे तोंडात पदर कोंबून उभी. माझ्या डोळ्यांसमोर ती विमानतळावर होती आणि आई पायरीवर.

पण मुलाखत घेणाऱ्यांतल्या एका वयस्कर बाईंनी तिला आठवड्याने बोलावलं. अंबा आणि कुंडलिका या दोन नद्यांच्या काठच्या गावांत, पूर येऊन गेलेल्या माणसांबरोबर, दोन वर्षांचं काम होतं. पक्कं नाही, पगार कॅनडाच्या मानाने काहीच नाही. पण काम नागोठणे-रोह्याच्या पट्ट्यात, म्हणजे घरून जाऊन-येऊन करण्यासारखं. तिने कॅनडाला नाही कळवलं.

"माझ्यासाठी नको थांबूस," मी म्हटलं, आणि मनात म्हणत होते, थांब, थांब.

"तुझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "आणि आईसाठी पण नाय, उगाच डोक्यावर घेऊ नको. मला चाचांच्या अम्माला भेटायचंय. अम्मांनीच फोनवर सांगितलं, शेगडीचं बोलायचं असेल तर जेवायला ये."

तिचं खरं की मला बरं वाटावं म्हणून बोलली, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी जे मागत होते ते मिळालं, ती जे मागत होती ते नाही मिळालं, आणि दोन्ही एकाच घरात झालं. मी देवापुढे उभी राहते तेव्हा आभार मानताना माझी जीभ जरा अडखळते.

आता ती रोज संध्याकाळी घरी असते. मागच्या अमावास्येला मी दुपारी फोन लावला तर तिने उचलून तो तसाच पडवीच्या कठड्यावर ठेवला. कोंबडी ओरडत होती. कुणाची तरी मोटारसायकल गेली. आत आई विचारत होती, "घट्ट धरलंस ना गो?" आणि बहीण जिन्यावरून म्हणत होती, "धरलंय, धरलंय, सोड तू." गाठोडं वर गेल्याचा धप्प आवाज आला. मी इथे कणकेच्या हातांनी उभी होते. आवाज सगळे होते, पण ओल्या बांधाचा वास फोनमधून येत नाही.

मग आईने फोन घेतला. "काय गो, तुझ्या माणसांनी उघडलं का या शुक्रवारी?"

"आई, त्याने काय होत नाय. बंद केलं आपण."

"होत नाय तर नाय. उघडू दे. कुणी बघतंय म्हटलं की पोरीचं तोंड जरा हसरं असतं."

मागून बहीण ओरडली, "आई, नको सांगू तिला!"

आता लेख लिहायला तिला वेळ कमी मिळणार. या वर्षाचा निळा खांब बुटका राहील, कदाचित नसेलच. मी रोज बघते, आणि तो वाढला नाही की मला एकदम दोन गोष्टी होतात. तिच्यासाठी वाईट वाटतं, आणि घरी ती भाकऱ्या थापत असल्याचा आवाज कानात येतो.

कालच्या शुक्रवारी माणसं आली. बिरडं होतंच. एसीवाला सवयीने मोबाईल काढून म्हणाला, "बाय, उघडू का?"

"आकडा चढत नाय म्हणून सांगितलं ना तुला."

"ते कळलं गो. पण नुसता डबा घेऊन जायला कसंतरी वाटतं."

"उघड मग," मी म्हटलं.

सगळे गेले. चाचा भिंतीला टेकून उभेच होते. माणसांचे लेख त्यांचे वाचून झालेत, आता ते मागे मागे चाललेत.

"हा जुना हाय, भाताचा," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "यात माणूसच नाय गो कुठे. नुसते तक्ते आणि रेघोट्या. वाचू की सोडू?"

मी त्यांच्या डब्यावर झाकण लावलं, मग परत काढलं आणि अजून एक पळी बिरडं घातलं.

"वाचा," मी म्हटलं. "त्यात आमचं शेत हाय."